आउट झालेला माणूस

आमच्या इमारतीतली माणसं कमी व्हायला लागली, तेव्हा सगळ्यात आधी वास गेले. दुबईत जबल अलीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत असलेली चार मजल्यांची साधी इमारत होती ती. जिन्यात पाय ठेवला की पहिल्या मजल्यावरच्या केरळी घरातलं खोबरेल आणि कढीपत्ता, मग दुसऱ्यावरच्या लेबनीज बाईंची वेलची घातलेली कॉफी, आणि तिसऱ्यावर आमच्या दाराशी आईची हिंगाची फोडणी, असा तो वर चढत जाणारा वासांचा क्रम मला डोळे मिटूनही पाठ होता. मंदी आली म्हणजे नेमकं काय आलं, हे कळायचं माझं वय नव्हतं. बाबा घरी येऊन नुसते म्हणायचे, अमक्याचं खलास, तमक्याचं खलास, आणि पुढे जेवायला बसायचे. मला कळलं ते नाकाने. एक दिवस कॉफीचा वास आला नाही, मग खोबरेलाचा आला नाही, आणि एका दुपारी शाळेतून येताना लक्षात आलं की आता जिन्यात फक्त आमच्याच घराचा वास आहे. खाली पार्किंगमध्ये गाड्या मात्र तशाच उभ्या होत्या. त्यांच्यावर इतकी धूळ साचली होती की रंग ओळखू येत नव्हते. नातूर, म्हणजे तिथला वॉचमन, करीमभाई, रोज सकाळी उगाच त्यांच्यामधून एक फेरी मारायचा.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वॉरन अंकल राहायचे. अमेरिकन माणूस, साठीच्या आसपासचा, उंच, खांद्यात वाकलेला, पूल-रस्त्यांचा इंजिनिअर. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आमच्यासारख्या तिथे वाढलेल्या पोरांना जगातला प्रत्येक मोठा पुरुष अंकलच असायचा, त्यामुळे तेही अंकल झाले. आईने केलेल्या चकल्या ते मोजून खायचे आणि डबा धुऊन परत द्यायचे. आईच्या लेखी माणूस चांगला की वाईट हे ठरवायला तेवढं पुरेसं होतं. त्यांची कंपनी बुडाली, तेव्हा तेही निघाले. राहिलेल्या सगळ्यांनी मिळून गच्चीवर त्यांना निरोप दिला, केक कापला. त्यांनी फर्निचर करीमभाईच्या हवाली केलं, भांडी कुणाकुणाला दिली. उरला एक मोठा खोका, पुस्तकांचा. तो कुणीच घेईना. करीमभाई तो खाली कचऱ्याच्या डब्याकडे न्यायला निघाला, तर आईने जिन्यातच त्याला अडवलं. पुस्तक कचऱ्यात जाताना तिला बघवायचं नाही. आमच्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायला लावायची ती. खोका आमच्या घरात आला आणि बाबा म्हणाले, घ्या, आता हे कोण वाचणार?

मी वाचणार होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. मैत्रिणी एकेक करून पुण्याला, मुंबईला, कोचीनला निघून गेल्या होत्या. खोका उघडला आणि बघते तर काय, वरपासून तळापर्यंत सगळं बेसबॉल. बेसबॉलच्या कादंबऱ्या, म्हाताऱ्या खेळाडूंची आत्मचरित्रं, एकाच सीझनवर लिहिलेलं विटेएवढं जाड पुस्तक, लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक, आणि एक तर नुसत्या आकड्यांचं, ज्यात वाक्यच नव्हतं. मी आयुष्यात बेसबॉल पाहिला नव्हता. म्हणजे सिनेमात पाहिला होता. टीव्हीवर जो अमेरिकन सिनेमा लागायचा, त्यात बाप आणि मुलगा अंगणात समोरासमोर उभे राहून बॉल फेकत असायचे आणि जे बोलायचं ते बोलत नसायचे. मला वाटायचं त्या देशात भांडण मिटवायची तीच पद्धत असावी. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, आपण क्रिकेटवर बोलतो, ती माणसं बेसबॉलवर लिहितात. आपल्याकडे मॅचबद्दल चहाच्या टपरीवर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत इतकं बोलून होतं की लिहायला काही उरत नाही. त्यांचे तर साधे बोलण्याचे शब्दही त्या खेळातून आलेले असतात, हे मला पुढे नोकरीत अमेरिकन साहेबांच्या मीटिंगा ऐकताना कळलं. सगळे समजल्यासारखी मान डोलवायचे. मला खरोखर समजायचं.

तर मी दुपारी दिवाणावर आडवी पडून वाचत असे. तिथली उन्हाळ्याची दुपार ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. बाहेर सगळं पांढरं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पडदे ओढलेले, एसी एका सुरात चाललेला, बाबा ऑफिसला, आई आतल्या खोलीत लवंडलेली. आणि त्या शांततेत, वॉरन अंकलना जाऊन आठवडा झाला असेल-नसेल, मला भिंतीतून आवाज यायला लागला. टप्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. मऊ, जड आवाज, एखाद्याने उशीवर बुक्की मारावी तसा. मी पुस्तक खाली ठेवलं की थांबायचा. उचललं की सुरू. निदान मला तरी तसंच वाटायचं. दारं समोरासमोर असली तरी हॉलची भिंत दोन्ही घरांना एकच. भिंतीपलीकडे समोरचा फ्लॅट, आणि तो तर रिकामा. कंपनीने वर्षाचं भाडं आधीच भरलेलं, म्हणून नवीन कुणी यायचा प्रश्नच नव्हता. मी आईला म्हटलं, "Aai, somebody is there." आई म्हणाली, पाइपमध्ये हवा असते, केतकी, झोप गप्प. पाइपातली हवा इतकी नेम धरून वाजते होय?

मग मला बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या फ्लॅटच्या एसीचं मागचं तोंड दिसायचं. रिकाम्या घराच्या त्या एसीतून पाणी ठिबकत होतं, आणि खाली सिमेंटवर ओला डाग पडला होता. मग खोक्यातलं पुस्तक नाहीसं झालं. एका बुटक्या पिचरच्या, म्हणजे तिकडच्या बोलरच्या, आठवणींचं, निळ्या कव्हरचं. मी अर्ध्यावर होते, खुणेला बसचं तिकीट घातलेलं. सगळं घर पालथं घातलं. तीन-चार दिवसांनी पुस्तक खोक्यात होतं, जागच्या जागी, पण तिकीट शेवटच्या पानात. ते शेवटपर्यंत कुणीतरी वाचलं होतं. मी ते आईला सांगितलं नाही, कारण आई अलीकडे वेगळी वागत होती. मध्येच स्वयंपाकघरात उभी राहून कान देऊन ऐकायची. पोळ्या जास्त करायची आणि त्या उरायच्या नाहीत. दुपारी मला झोप म्हणायची आणि मी झोपले की नाही हे दारातून वाकून बघायची. आजीने मला लहानपणी गावाकडच्या एका बाईची गोष्ट सांगितली होती, जी ओसाड घरात कुणालातरी जेवण नेऊन द्यायची आणि दिवसेंदिवस वाळत गेली. माझी आईही मला वाळलेली दिसायला लागली. आई त्या फ्लॅटकडे ओढली जातेय, आणि एक दिवस ती पलीकडे जाईल आणि परत यायची नाही, या भीतीने मी त्या दिवसांत दुपारी डोळा मिटला नाही.

सर्वपित्री अमावास्या त्या वर्षी शुक्रवारी आली, आणि रमझानही संपत आलेला. सुट्टीचा दिवस, त्यात रोजे, त्यामुळे दुपारी इमारत अगदी निपचित. बाबांनी आजोबांच्या नावाने पान वाढलं. खीर, वडे, अळूची भाजी, सगळं साग्रसंगीत. अळू करामाच्या बाजारातून आणलं होतं, पाच दिरहमची जुडी, म्हणजे साठ-पासष्ट रुपये, असं म्हणत आईने तीनदा हळहळून झालं होतं. पान बाल्कनीत ठेवलं, कावळा आला, शिवला, बाबा समाधानाने जेवले आणि झोपले. मी पडद्याआडून पाहत होते. आईने दुसरं ताट घेतलं. तेच सगळं वाढलं, खिरीची वाटी ठेवली, वर दुसरं ताट झाकलं, आणि चपला न घालता, आवाज न करता दार उघडून समोर गेली. कंबरेची किल्ली काढली. आत गेली. थोड्या वेळाने हात हलवत परत आली.

त्या क्षणी मला सगळं उमगलं. वॉरन अंकल गेले, म्हणजे गेलेच. विमान पडलं असेल, हार्ट अटॅक आला असेल, आणि मला मूल म्हणून सांगितलं नाही. त्यांच्या मागे पान वाढणारं कुणी नाही, म्हणून आई वाढतेय. रोज वाढतेय. आणि ते रोज येताहेत. अमेरिकन मुलीच्या डोक्यात हे आलं नसतं, पण ज्या घरात मेलेल्या आजोबांना अर्ध्या तासापूर्वी वडे वाढलेत, त्या घरातल्या पोरीला यापेक्षा सरळ हिशेब कुठला सुचणार? संध्याकाळी आईने ते ताट परत आणून घासायला टाकलं. चाटूनपुसून स्वच्छ. मी मोरीपाशी उभी राहून बघत राहिले. ताटात एक काटा होता. आमच्याकडे काटा पाहुण्यांसाठी, वरच्या कप्प्यात असतो. आई पितराला काटा देईल का, हा प्रश्न मला छळायला लागला. मग मीच उत्तर दिलं, अमेरिकन पितर आहेत, हाताने कसे जेवतील?

दुसऱ्या दिवशी आई किल्ली घेऊन पलीकडे गेली आणि मी मागोमाग. दार तिने नुसतं लोटलं होतं. आत एकही खुर्ची नव्हती. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या फरशा, खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली, आणि त्यातून गाळून आलेला पिवळट उजेड. आई स्वयंपाकघरात असावी, भांड्याचा आवाज आला. आणि हॉलमध्ये, भिंतीला पाठ लावून जमिनीवर वॉरन अंकल बसले होते. दाढी अस्ताव्यस्त वाढली होती. डाव्या हातात बेसबॉलचा मोठा चामड्याचा हातमोजा, उजव्या हातात बॉल. त्यांनी समोरच्या भिंतीवर बॉल टाकला. तो परत येऊन हातमोज्यात बसला, टप्. भिंतीवर मध्यभागी एक करडा ठसा उमटला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. मग फार हळू, घसा बसल्यासारख्या आवाजात विचारलं, मंगळवार आहे का? मी किंचाळले नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मागून आईचा हात आला, माझं मनगट धरलं आणि मला ओढत घरी आणलं.

आई रागावेल असं वाटलं होतं. ती दिवाणावर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. मग सांगितलं. निरोप घेऊन गेलेल्या माणसाला विमानतळावरून परत पाठवलं होतं. बुडालेल्या कंपनीने कसल्यातरी कागदावर त्यांची सही घेतली होती, त्यांच्या नावावर केस होती, देश सोडता येत नव्हता. सगळ्या इमारतीने केक कापून निरोप दिलेला, आता कुठल्या तोंडाने परत यायचं, म्हणून ते दुपारच्या उन्हात गुपचूप वर आले आणि आत बसले. पोलीस येतील म्हणून दार उघडेनात. जाताना त्यांनी एक ज्यादा किल्ली आईकडे ठेवली होती, ती घेऊन आई फ्लॅट झाडायला गेली तेव्हा तिला ते दिसले. दोन दिवस नळाच्या पाण्यावर होते. मी रडत म्हटलं, मला वाटलं ते मेलेत, म्हणून तू पान वाढतेयस. आईने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं ती पहिल्यांदाच माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"मेलेल्याला वर्षातून एकदा वाढलं की झालं गं. जिवंत माणसाला रोज वाढावं लागतं. आणि त्याने ते खाल्लं का, हे बघावं लागतं."

तिची भीती पोलिसांची नव्हती. पलीकडच्या टॉवरमधून एका माणसाने उडी घेतली होती, ते कुणी उघड बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आई म्हणाली, या माणसाने उद्या खाणं सोडलं तर विचारणारं कोण आहे? बाबांना माहीत होतं, आणि ते घाबरलेले होते. आपला व्हिसा, आपली नोकरी, उद्या कुणी म्हणालं तुम्ही लपवून ठेवलं, तर? पण त्यांनी आईला थांबवलं नाही. करीमभाईला माहीत होतं. तळमजल्यावरच्या पठाण कुटुंबाला माहीत होतं, त्यांच्याकडून इफ्तारची फळं यायची. सगळ्यांना माहीत होतं आणि एकजणही बोलत नव्हता. त्या निळ्या पुस्तकात मी वाचलं होतं, पिचर असा खेळत असला की समोरच्या टीमला एकही फटका मिळालेला नाही, तर त्याचे सोबती त्याच्या शेजारी बसत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत, त्या गोष्टीचा उच्चारही करत नाहीत. बोललं की बिघडतं. दृष्ट लागते हे त्यांच्याकडेही आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

मग आईने मला कामाला लावलं. ताट न्यायचं, आणि पुस्तकातलं न समजलेलं विचारायचं. "बोलता कर त्यांना," ती म्हणाली, "माझं इंग्लिश भाजीबाजारापुरतं." मी जाऊ लागले. सुरुवातीला ते मानेनेच उत्तर द्यायचे. मग वाक्यं आली. मी क्रिकेटच्या डोक्याने विचारायचे, इथे ओव्हर किती बॉलची, हा नाबाद राहिला का, आणि त्यांचा चेहरा दुखल्यासारखा व्हायचा. एकदा विचारलं, या एका खेळावर एवढी पुस्तकं का? ते म्हणाले, खेळात मोकळा वेळ फार असतो, माणूस आठवत बसतो. दिवस ठीक चाललेत असं मला वाटायला लागलं. दाढी तेवढी वाढत होती.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मी शाळेच्या बससाठी दार उघडलं, तर उंबऱ्यापाशी पुस्तकं. मी नेऊन दिलेली सगळी, कडेला कड जुळवून रचलेली. वर तो चामड्याचा हातमोजा. आणि शेजारी आदल्या दिवशीचं ताट, झाकण तसंच, आत पोळ्या कडक झालेल्या. मी आईला हाक मारली. आईने ते बघितलं आणि तिच्या हातातली कणीक तशीच राहिली. तिने किल्ली लावली. आतून दुसरी किल्ली घातलेली होती, फिरेना. तिने दार वाजवलं. आत काही नाही. बॉलचा आवाज नाही, नळाचा नाही. बाबांना फोन केला, ते बंदरावरच्या ऑफिसातून निघतो म्हणाले. करीमभाई वर आला, दाराला कान लावला आणि मान हलवत खाली जाऊन हत्यार शोधायला लागला.

आईने आत जाऊन नवीन ताट वाढून आणलं आणि ती दारासमोर फरशीवर मांडी घालून बसली. म्हणाली, त्यांना सांग, मी सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही आणि घेणार नाही. मी दाराला तोंड लावून सांगितलं. काही नाही. मग आईने ढिगातलं वरचं पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, वाच. मी म्हटलं, काय वाचू? ती म्हणाली, काहीही वाच, पण मोठ्याने वाच. मी उघडेल तिथून वाचायला लागले. आवाज जिन्यातून खालपर्यंत जात होता, रिकाम्या घरांच्या दारांवरून परत येत होता. कुठल्यातरी जुन्या मॅचचा शेवट होता. शेवटचा बॅट्समन, दोन वेळा चुकलेला, तिसऱ्यांदा बॅट फिरवतो आणि पुन्हा चुकतो. तीनदा चुकला की आउट. संपलं. मी थांबले. पुढची ओळ वाचली आणि मला रडूच फुटलं, कारण दारापलीकडे काय असेल ते मनात येत होतं आणि इथे पुस्तकातही सगळं चुकीचं. मी दारावर थाप मारून ओरडले, "This book is wrong! He is out and he is running!"

आत काहीतरी सरकलं. मग आवाज आला, अगदी दाराच्या खालून, म्हणजे ते पलीकडे जमिनीवर दाराला टेकून बसलेले असावेत. खरखरीत आणि थोडा चिडलेला.

"कॅचरने बॉल सोडला," ते इंग्लिशमध्ये म्हणाले. "नीट वाच. कॅचरच्या हातून बॉल सुटला, तर तो पळू शकतो."

"काय म्हणताहेत?" आईने माझा हात घट्ट धरला.

मी सांगितलं. म्हटलं, ते म्हणताहेत की आउट झालेला माणूस, समोरच्याच्या हातून बॉल सुटला असेल, तर पळू शकतो.

आई उठून उभी राहिली. इतके महिने ती त्यांना अहो-जाहो करत होती. ती दारावर तळहात ठेवून मराठीतच म्हणाली, "मग पळ की रे बाबा. आधी दार उघड."

किल्ली फिरायला किती वेळ लागला कोण जाणे. दार उघडलं आणि वॉरन अंकल तिथेच, चौकटीत, फरशीवर बसून जेवले. हाताने जेवले. आतल्या खोलीत काय होतं ते करीमभाई आणि नंतर आलेले बाबा बघून आले, आणि करीमभाईने एक दोरी गुंडाळून खाली नेली. मला कुणी काही सांगितलं नाही आणि मी आजवर विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घालून, अंकलची दाढी स्वतः करून देऊन, ते त्यांना पोलीस स्टेशनला घेऊन गेले. आई दिवसभर खिडकीत. संध्याकाळी दोघं परत आले. केस चालेपर्यंत सोडलं होतं, पण जामीन म्हणून कुणाचा तरी पासपोर्ट ठेवावा लागणार होता. तिथली पद्धतच ती. बाबांनी आपला ठेवला. जन्मात कुणाला पेन उसनं न देणारा माझा बाप, चपला काढता काढता हे इतकं हळू बोलला की आईने दोनदा विचारलं. डिसेंबरात नाशिकला मामाचं लग्न होतं. आईचा एकुलता एक भाऊ. तिकिटं काढलेली, पैठणी आणून झालेली, बॅग दिवाणाखाली अर्धी भरलेली. बाबा म्हणाले, तू आणि केतकी जा, मी राहीन. आईने समोरच्या घरात दिवा लागलाय का ते पाहिलं, आत गेली, आणि नाशिकला फोन लावला. मामा पलीकडून बराच वेळ भांडत असावा, कारण ती नुसती हं, हं करत होती. शेवटी म्हणाली, "नाही रे, नाही जमायचं. घरात माणूस आहे."